पंचशीलाबाई आणि एक जूनची मुलगी

अण्णाराव गुरुजींना पंचशीलाबाई पहिल्यांदा दिसल्या त्या घागरींच्या रांगेत.

सत्त्याऐंशी सालचा मार्च महिना होता. लातूर जिल्हा होऊन पाचवं वर्ष चालू होतं, आणि मागचे दोन पावसाळे नुसते तोंड दाखवून गेले होते. तोगरखेडा हे उदगीरच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीलगत वसलेलं गाव. तिथं टँकर एक दिवसाआड यायचा, आणि केव्हा येईल ते ड्रायव्हरलाच ठाऊक. म्हणून बाया पहाटे उठून घागरी, कळश्या, तेलाचे डबे चावडीपासून शाळेपर्यंत ओळीनं मांडून ठेवत आणि ऊन चढलं की लिंबाखाली जाऊन बसत. रांग तेवढी उन्हात राही. गुरुजी वर्गाच्या खिडकीतून तिच्याकडे पाहत. झळांनी भांडी हलकेच हलताहेत असं वाटे. कधी कधी ती जागची उठून चालू लागली आहेत आणि गावाबाहेरच्या पांढऱ्या माळावरून कुठंतरी पाण्याकडे निघाली आहेत, असाही भास होई.

त्या दिवशी शेवटच्या डब्यामागे आणखी काहीतरी होतं. गुरुजींनी चष्मा पुसून पाहिलं. ती एक बाई होती. तिशीची, अंगानं बारीक, डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी. रांगेत आपला नंबर असल्यासारखी जमिनीवर बसलेली.

लिंबाखालून साखराबाई ओरडली. साखराबाईच्या तोंडाला गावात कुणी लागत नसे.

"ओ बाई! घागर कुठाय तुमची? का वंजळीतच घेणार पाणी?"

"पाणी नको मला. बसायला आले."

"बसायला? तुमच्या गावात बसायला जागा न्हाई राहिली व्हय?"

"हाय की. पण तिथं तुम्ही न्हाईत."

बाया खदखदून हसल्या. साखराबाईही हसली आणि म्हणाली, "मग सावलीत तरी बसा की. उन्हात बसून काय पापड व्हायचंय?"

पण बाई उठल्या नाहीत. दीड-दोन तास त्या तशाच होत्या. मग गुरुजींना दिसलं, की त्या रांगेच्या मध्यावर बसलेल्या शिवगंगेकडे पाहताहेत. शिवगंगा जन्मापासून बहिरी, त्यामुळं मुकी. बाकीच्या बाया सावलीत जायच्या, ती आपल्या घागरीजवळून हलायची नाही. अनवाणी पाय जमिनीवर टेकवून बसलेली ती पोरगी एकाएकी ताठ झाली, उभी राहिली, घागर कडेवर घेतली. रस्त्यावर अजून धूळही नव्हती. चांगल्या पाच मिनिटांनी टँकरचा हॉर्न ऐकू आला, तेव्हा बाकीच्या बाया लिंबाखालून धावल्या. पोरीला टँकर तळपायातून कळला होता.

गुरुजी तिला दोन वर्षं वर्गात पाहत होते. हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

टँकर गेल्यावर बाई शाळेत आल्या. नाव सांगितलं, पंचशीला लिंबाजी. लातूरच्या एका संस्थेनं मूकबधिर मुलांची निवासी शाळा काढली होती, तिथल्या त्या समाजसेविका. शिवगंगेला तिथं घ्यावं म्हणून गुरुजींनीच सुवाच्य अक्षरात अर्ज पाठवला होता. घर पाहून, माणसं पाहून, मूल घ्यावं की नाही याची शिफारस करणं हे बाईंचं काम.

गुरुजींनी दाखलखारिज रजिस्टर उघडलं. बाईंनी बोट ठेवून वाचलं. "जन्मतारीख एक जून एकोणऐंशी."

"हो."

"आमच्याकडं एक जूनला आठापेक्षा मोठं मूल घेत न्हाईत. म्हणजे ही यंदाच बसते. पुढल्या साली न्हाई."

"तेच म्हणतो मी," गुरुजी उत्साहानं म्हणाले. "आज सही करून टाका. जीभ नाही, कान नाहीत, बाप हैदराबादेला जाऊन तिकडचाच झाला, आई कधीच गेली. इथं आहे काय तिचं?"

"इथं तिची आजी हाय."

"आजीला दिसत नाही, बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू."

"तेच तर," पंचशीलाबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलली. "मी तीनदा येत असते, गुरुजी. एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी. एकाच वेळी गेलं की घर पाहुण्यापुढं वागल्यावानी वागतं."

गुरुजींना थोडा राग आला. शहाण्या माणसाला दिसत होतं की पोरीनं गेलं पाहिजे. आणि शहाण्या माणसाला हेही दिसत होतं की पोरगी गेली तर म्हातारीला पाणी कोण आणणार, चुलीचा जाळ कोण बघणार, उंबरा कुठं आहे ते कोण सांगणार. त्यांनी आपल्या अर्जात पहिलंच लिहिलं होतं. दुसरं गाळलं होतं.

बाई दुसऱ्यांदा आल्या त्या चैत्राच्या ऐन दुपारी. गुरुजी त्यांना घेऊन गुरम्माच्या घरी गेले. मातीचं माळवद, आत काळोख, काळोखात चुलीच्या राखेचा गार वास. गुरम्मा भिंतीला टेकून बसली होती. लिंगायताची बाई, माहेर बिदरकडचं, बोलताना मराठीत कानडी मिसळायची.

"बा, बा. आत ये," तिनं आवाजाच्या दिशेनं हात केला. "मास्तर म्हणले बाई येणार. कुणाची ग तू?"

गुरुजींनी घसा खाकरला. बाईंनी सरळ सांगितलं. लोह्याकडचं गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. छप्पन साली बापानं धर्म बदलला आणि दुसऱ्या वर्षी मी झाले म्हणून नाव पंचशीला, हेही सांगितलं.

घरात माशी फिरल्याचा आवाज आला.

"चटई त्या भिंतीकडं टाक," गुरम्मा शेवटी म्हणाली. "तिकडं गार असतंय. उन्हाची आलीस, पड जरा."

आणि पंचशीलाबाई खरंच आडव्या झाल्या. ना कागद काढला, ना पेन. गुरुजी संकोचून बाहेर उंबऱ्याजवळ ओट्यावर बसले. गाव झोपलं होतं. लिंबाचा मोहर धुळीवर पडत होता. आतून शिवगंगेच्या पावलांचा आवाज येई, मग थांबे. ती आजीजवळ बसायची, तिचा तळहात उघडायची आणि त्यावर बोटांनी काहीतरी करायची. दोन टिचक्या म्हणजे पाणी. आडवी रेघ म्हणजे कुणीतरी आलंय. मूठ म्हणजे जेव. तळहातावर फुंकर म्हणजे गरम आहे, जपून. आंधळीचं आणि बहिरीचं असं एका तळहातावर घर चाललं होतं.

गुरुजींना डुलकी लागत होती. आतला आवाज कानावर पडला तेव्हा आपण तो स्वप्नात ऐकतोय असंच त्यांना वाटलं.

"म्या केलंय हे," गुरम्मा सांगत होती. "कुणाला बोलले न्हाई आजवर. दिवसाढवळ्या अंधार पडला व्हता ना, गिरान लागलं व्हतं सूर्याला, कोंबड्या खुराड्यात शिरल्या. सून पोटुशी. तिसरा महिना. म्या तिला सरळ निजवलं, म्हणलं हालू नको, काई चिरू नको, काई कापू नको. आन तवाच गोठ्यात वासराला दाव्याचा फास बसला. हांबरायलं, डोळे पांढरे करायलं. माझे हात थरथरायले. म्या म्हणलं, ऊठ ग, विळा घे, दावं काप. तिनं कापलं. वासरू वाचलं. माझ्या नातीचे कान गेले."

पंचशीलाबाई चटईवर उठून बसल्या.

"वासरू कुठाय आता?" पंचशीलाबाईंनी विचारलं.

"गाय झाली. तीन वेतं झाली. चारा न्हाई म्हणून छावणीत दिली."

"अव्वा, मी अशी शंभरावर लेकरं पाहिली. बिदरची, औशाची, निलंग्याची. कुणी दुसऱ्या साली जन्मलेलं, कुणी तिसऱ्या. गिरान एकदाच लागलं. त्यातल्या एकाच्याबी आईनं दावं कापलं न्हवतं."

"खरं म्हणती?"

"खरं म्हणते."

"तरी आज लगेच न्हाई पटायचं मला," गुरम्मा म्हणाली. "सात वर्षं उराशी धरलंय ते."

"धरा. मी कुठं सोडा म्हणते?"

बाहेर ओट्यावर गुरुजींची झोप पार उडाली होती, पण वेगळ्याच कारणानं. ते ग्रहण ऐंशी सालच्या फेब्रुवारीतलं. त्यांनी स्वतः त्या दिवशी शाळा बंद ठेवली होती. सून तेव्हा तिसऱ्या महिन्यात, म्हणजे पोरगी जन्मली त्या वर्षीच्या श्रावणात. आणि रजिस्टरात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं एक जून एकोणऐंशी.

परत जाताना त्यांनी बाईंना सगळं सांगून टाकलं. खेड्यात कुणाला तारीख ठाऊक असते? मूल आणलं की त्याला म्हणायचं, डोक्यावरून हात ने आणि पलीकडचा कान धर. कान हाताला आला की सहा वर्षं पूर्ण समजायची आणि एक जून लिहून टाकायचं. गावातली दीडशे पोरं एकाच दिवशी जन्मलेली. शिवगंगेचे हात लांब. पाच वर्षांचीही नव्हती, तरी कान धरला तिनं.

पंचशीलाबाई रस्त्यातच थांबून हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "माझीबी एक जूनच हाय, गुरुजी."

मग हसू ओसरलं. "म्हणजे अजून एक साल हाय हिला."

"आहे की! हिवाळ्यात उदगीरला डोळ्यांचं शिबिर असतं. म्हातारीचे डोळे करून घेऊ आणि मग पुढल्या जूनला पोरीला पाठवू. सुटला की प्रश्न."

"सुटला न्हाई. आता कुठं पडला," पंचशीलाबाई म्हणाल्या. "आजवर तारीख ठरवत व्हती. यंदा न्हाई तर कधीच न्हाई, म्हणून घेऊन गेले असते आन नियमावर बोट ठेवलं असतं. आता मला ठरवायचंय. बोलणं शिकायच्या वयात एक साल म्हणजे थोडं न्हाई."

चालता चालता त्यांनी स्वतःचं थोडंसं सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या असताना बापानं त्यांना नांदेडच्या वसतिगृहात घातलं. त्यामुळंच त्या शिकल्या, नोकरीला लागल्या. आई सरजाबाई एस.टी.पर्यंत पोचवायला आली होती. "ती त्या वर्षांत घरी काय बोलत असंल, कशी हसत असंल, ते मला ठाऊक न्हाई. बाकी सगळं मिळालं. म्हणून मला कुणी विचारलं की पोरगी नेऊ का, तर माझ्या तोंडून एकदम हो निघत न्हाई, एकदम न्हाईबी निघत न्हाई."

त्यांनी गुरुजींकडून दोन गोष्टी मागितल्या. एक, तारीख अंदाजानं घातली असं लिहून द्यायचं, म्हणजे पोरगी तिथं रमली नाही तर तिला घरी आणून पुढच्या साली परत घेता येईल. दोन, शिवगंगेला एक दिवस लातूरला नेऊन ती शाळा दाखवायची. "तिला विचारलं पाहिजे. आन जे पाहिलंच न्हाई त्याची खूण ती कुठून करणार?"

पहिली गोष्ट गुरुजींना जड गेली. निवृत्तीला चार वर्षं होती. एक तारीख खोटी म्हटली की शिक्षण खात्याचे साहेब दीडशे तारखा विचारतील, या भीतीनं दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी उदगीरला जाऊन स्टँपपेपरवर लिहून दिलं. पुढं तो कागद साहेबांसमोर आला तेव्हा साहेबांनी तो वाचला, स्वतःची जन्मतारीख आठवल्यासारखा चेहरा केला आणि खालचा कागद ओढला.

लातूरला शिवगंगा गुरुजींचं बोट धरून गेली. शाळेत एका खोलीत मोठा आरसा होता. तिथल्या शिकवणाऱ्या बाई मुलांच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरत आणि ओठ मिटून उघडायला लावत. पट्टी हलली की "प" झाला. हात मांडीवर ठेवायचे, ओठांकडे पाहायचं, असा तिथला दंडक. पण सुट्टीची घंटा झाली (घंटा म्हणजे एक दिवा लागायचा) आणि मुलं अंगणात आली, तशी वीस-पंचवीस जोडी हात बोलायला हवेत उठले. जणू झाडावरून पाखरं उडावीत तसे. शिवगंगा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती तशीच उभी राहिली. गुरुजींनी तिला दोनदा हलवलं तरी तिला कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये ती झोपली नाही. पंचशीलाबाई मागच्या बाकावर होत्या. त्यांची ही तिसरी खेप होणार होती, संध्याकाळची.

गावात पोचले तेव्हा दिवस मावळत होता. धुळीमुळं आभाळ तांबूस आणि मऊ झालं होतं. गुरम्मा दारात बसली होती. शिवगंगा धावत गेली, आजीचा तळहात ओढला आणि सांगू लागली. टिचक्या, रेघा, गोल, मुठी, पाच बोटं एकदम, पुन्हा पाच बोटं. मध्येच तिनं आजीच्या तळहातावर स्वतःचे ओठ टेकवून "प" केला. कागदाची पट्टी तिला सांगायची होती.

"काय म्हणती ग?" गुरम्मा विचारत होती. "पाणी? न्हाई. माणसं? लई माणसं? हे काय? हे म्या कधी शिकवलं न्हाई. हळू, हळू ग पोरी."

पोरगी थांबेना. गुरम्मानं दुसराही तळहात उघडला. शिवगंगेनं त्यावरही सुरुवात केली. म्हातारीच्या चेहऱ्यावर आधी हसू होतं, मग नुसतं लक्ष, आणि मग काहीच नव्हतं. ती दोन्ही हात उघडे ठेवून बसून होती.

"माझा हात पुरेना हिला," ती म्हणाली. "बाई, ने हिला."

गुरुजींना वाटलं, झालं, ठरलं. पण पंचशीलाबाईंनी मान हलवली नाही. त्या उठून शेजारी गेल्या आणि साखराबाईच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुमच्या घागरीसोबत अव्वाची एक घागर भराल का? दर खेपंला?"

"भरीन की. त्यात काय?" साखराबाई म्हणाली. "आन भाकरीबी थापीन दोन जास्त. पर तुम्ही बसायला आल्या व्हत्या म्हणला न्हवं? नुसतं बसून मलाच कामाला लावलं!"

शाळेच्या खोलीत, मावळत्या उजेडात, गुरुजींच्या खुर्चीवर बसून पंचशीलाबाईंनी अहवाल लिहिला. शेवटी लिहिलं: यंदाच्या जूनमध्ये प्रवेश द्यावा. आजीची व्यवस्था मी पाहीन.

"इथं संस्था पाहील असं लिहितात," गुरुजी म्हणाले.

"लिहितात. पण पाहणार तर मीच."

"तुमची खात्री आहे ना, बाई?"

"न्हाई," त्या म्हणाल्या आणि सही केली.

जूनमध्ये शिवगंगा गेली. गुरम्मा एस.टी.पर्यंत आली नाही. घरातच बसून राहिली. त्या वर्षी पाऊसही उशिरा आला आणि लवकर गेला.

दिवाळीला पोरगी घरी आली. अंगावर नवा फ्रॉक, केसांना तेल, डोळ्यांत चमक. आजीनं तळहात पुढं केला. शिवगंगेनं हात मागं नेले, आजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओठ हलवले. "प" झाला, "म" झाला. पण आजीला ते दिसत नव्हतं आणि पोरीला आजीचा उघडा हात शाळेत मनाई असलेल्या गोष्टीसारखा वाटत होता. भाऊबिजेनंतर पंचशीलाबाई आल्या तेव्हा गुरम्मा एवढंच म्हणाली, "पोरगी हात मागं घेती."

बाईंनी कसलंही कारण सांगितलं नाही. शाळेचा काय नियम आहे, पुढं किती फायदा होणार आहे, काही नाही. त्या भिंतीकडची चटई घेऊन बसल्या. गुरुजींना आठवतं, त्या दुपारी त्यांचा चेहरा असा दिसत होता की जणू त्यांनाच कुणी एस.टी.त बसवून दिलंय.

पण पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी त्या शिवगंगेला घेऊन आल्या. लातूर ते उदगीर, तिथून दुसरी बस, आणि शेवटचे दोन मैल पायी. आपल्या सुट्टीत, आपल्या तिकिटानं. शाळेत त्यांनी भांडून ठरवलं होतं की आजीच्या घरी पोरीचे हात मोकळे राहतील. पोरीला त्यांनी ते स्वतः करून दाखवलं: गुरम्माचा तळहात घेतला आणि त्यावर दोन टिचक्या मारल्या. म्हातारी हसली, "ही कोण नवीन मुकी?" शिवगंगा बराच वेळ बघत राहिली. मग तिनं बाईंचा हात बाजूला सारला आणि स्वतः बसली.

त्यानंतर दर महिन्याला त्या येत राहिल्या. माघात उदगीरच्या शिबिरात गुरम्माच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर तिनं नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हटलं, "अग, ही तर माझ्या सुनंवर गेली." पुढं चार वर्षं ती जगली, आणि चारही वर्षं पंचशीलाबाईंच्या दुसऱ्या शनिवारात खंड पडला नाही. त्यातली एक खेप अशी की मांजरा नदीला पूर आला होता आणि त्या नि शिवगंगा एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून चिखलानं भरून आल्या.

गुरुजींनी एकदा त्यांना विचारलं होतं, तुमचा निर्णय बरोबर निघाला ना? त्या म्हणाल्या, "त्या पहिल्या दिवाळीला चूक व्हता. मग हळूहळू बरा व्हत गेला. काही काही दिवशी अजून चूक असतो." गुरुजी आता नव्वदीच्या पुढे आहेत, पण हे वाक्य ते चुकत नाहीत.

शिवगंगा नांदेडला कपडे शिवण्याचं काम करते. नवराही ऐकू न येणारा, दोन मुलं ऐकणारी. पंचशीलाबाई निवृत्त झाल्या तशा लातूर सोडून नांदेडला आल्या. त्या एकट्या राहतात. गुरुवारी त्यांच्या दाराला कुलूप असतं, कारण त्या दिवशी त्या शिवगंगेकडे जेवायला जातात.